पर्यायी स्रोत नसल्यास

दोन ग्लासांचा तो प्रयोग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी स्वतःच घाबरलो होतो.

पुलगावला आमचं पाइप, मोटारी, तोट्या, वायर यांचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं, पुढं मी चालवलं. पाणी शुद्ध करायच्या मशीन मी फार उशिरा ठेवल्या, गिऱ्हाईक विचारायला लागलं म्हणून. त्या मशीन पुरवणारा एजंट एके दिवशी एक छोटं यंत्र घेऊन आला. वरून वायर, खाली लोंबणाऱ्या चार सळ्या. त्यानं दोन ग्लास मागितले. एकात दुकानातल्या माठाचं पाणी ओतलं, दुसऱ्यात मशीनचं. दोन-दोन सळ्या बुडवल्या आणि बटण दाबलं. मिनिटभरात माठाच्या पाण्यावर पिवळसर फेस धरला. मग पाणी तपकिरी झालं, आणि हिरवट-काळा गाळ खाली बसायला लागला. मशीनचं पाणी होतं तसंच राहिलं.

“हे तुम्ही रोज पिऊन राह्यले, साहेब,” एजंट म्हणाला.

मी कॉमर्सचा माणूस. विज्ञान दहावीतच सुटलं. पण डोळ्यांसमोर दिसतं ते खोटं असेल असं मनातही आलं नाही. त्या दिवशी दुकान बंद करून मी घरी गेलो तो एक मशीन घेऊनच. यंत्र एजंटनं दुकानात ठेवून दिलं. पुढं वर्षभर मी ते गिऱ्हाइकांसमोर लावत गेलो. बोलावं लागायचं नाही. बटण दाबायचं आणि गप्प उभं राहायचं.

माझी मोठी बहीण अल्लीपूरच्या पुढं एका लहान गावात दिलेली. शेतकऱ्याचं घर, कपाशी-तूर, दारात दोन बैल आणि मागच्या अंगणात विहीर. ती विहीर भाऊजींच्या वडिलांनी खोदलेली. गावात सरकारी नळ आला तरी त्याला पाणी चौथ्या दिवशी, म्हणून गल्लीतली चार-पाच घरं प्यायचं पाणी तिथूनच न्यायची. बहिणीला त्याचा अभिमान होता. ती पाण्याला ‘आमचं पाणी’ म्हणायची. माहेरी आली की आमच्या नळाचं पाणी तोंडात घेऊन क्षणभर थांबायची, मगच गिळायची.

तिला पोटात जळजळीचा त्रास होता. मी म्हणालो, मशीन लावून देतो. एका रविवारी मोटरसायकलला मशीन बांधून गेलो. भिंतीला भोकं पाडून, विहिरीच्या टाकीचा पाइप जोडून बसवलं, आणि मग, खरं तर काही गरज नसताना, खिशातून ते यंत्र काढलं. घरचीच माणसं, त्यांना काय विकायचं होतं? पण सवय लागली होती. गल्लीतल्या बायाही मशीन पाहायला आल्या होत्या.

विहिरीचं पाणी काळं पडत गेलं तशा बाया जवळ सरकल्या. शेजारच्या म्हातारीनं पदर तोंडाला लावला. बहीण ग्लासाकडं पाहतच राहिली. मग हळूच म्हणाली, “माझ्या सासऱ्यानं हेच पाणी पेलं जनमभर.”

मी म्हणालो, “आता नको पेऊ.” एवढंच. त्या दिवशी आपण गावासाठी काही चांगलं केलं असं वाटत परत आलो.

पुढं कधी तिकडं गेलो की दिसायचं, विहिरीवरची वर्दळ थांबली होती. शेजारची म्हातारी पाण्याची पितळी गुंड कमरेवर घेऊन गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या हातपंपावर जायची. माझ्याकडं पाहून हसायची. “तुह्यामुळं समजलं बाप्पा,” म्हणायची.

मग पेपरात ती बातमी आली.

मी सकाळी दुकान उघडलं की गिऱ्हाईक यायच्या आत पेपर वाचतो. आठवड्यातून एकदा आतल्या पानावर विज्ञानाचा मजकूर असतो. त्या दिवशी तिथं माझ्या यंत्राचं चित्र होतं. हुबेहूब तेच, चार सळ्या लोंबणारं. खाली लिहिलं होतं की या प्रयोगात दिसणारा गाळ पाण्यातला नसतोच. वीज वाहिली की लोखंडाची सळीच झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. पाण्यात क्षार असतील तर वीज वाहते, नसतील तर फारशी वाहत नाही. शुद्ध केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका, तेही काळं पडेल.

मी तो मजकूर तीनदा वाचला. मग यंत्र खिशात घातलं, शेजारच्या दुकानदाराला लक्ष ठेवायला सांगितलं आणि सरळ घरी गेलो.

बायको भाजी चिरत होती. मी मशीनचं पाणी ग्लासात घेतलं, मीठ टाकलं, ढवळलं, सळ्या सोडल्या. दोघंही ओट्याजवळ उभे. फेस आला. मग तोच तपकिरी रंग, तोच गाळ.

“अवो, हे तं आपलं मशीनचं पाणी आहे ना?” ती म्हणाली.

“हो.”

“मंग खराब झालं का मशीन?”

मी सांगायला लागलो, सळी, वीज, क्षार. मला स्वतःलाच ते तोंडपाठ केल्यासारखं वाटत होतं. ती ऐकून घेऊन म्हणाली, “म्हणजे इतके दिवस तुम्ही लोकायले सळईचा गंज दाखवला.” आणि परत भाजी चिरायला लागली. तिनं आवाजही चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

एजंटला फोन लावला. तो अजिबात गडबडला नाही. “साहेब, आपण खोटं कुठं बोललो? आपण फक्त ग्लास दाखवला. लोकायनं काय समजायचं ते समजले.”

हे मला पटलं नाही आणि खोडताही आलं नाही. कारण खरंच मी कधी बोललोच नव्हतो. फक्त एकदाच, बहिणीच्या अंगणात, “नको पेऊ” म्हणालो होतो.

त्याच आठवड्यात जाऊन सांगायला हवं होतं. पण मी थांबलो, कारण मला वाटलं आधी नीट समजून घ्यावं. तिथंच चुकलं. मी पाण्याबद्दल येईल ते वाचायला लागलो. एका ठिकाणी आलं की मशीनच्या पाण्यात अंगाला लागणारे क्षार उरत नाहीत, ते सतत पिणं बरं नव्हे. दुसरीकडं आलं की भूजलात नको ते मिसळलेलं असतं, गाळल्याशिवाय पिऊ नका. तिसरीकडं बाटलीबंद पाण्यात प्लॅस्टिकचे न दिसणारे कण सापडल्याचं आलं. प्रत्येक बातमीत कोणीतरी शास्त्रज्ञ होते आणि प्रत्येक बातमी वाचताना मला ती खरी वाटायची. पूर्वी मला पाण्याबद्दल एकच गोष्ट माहीत होती आणि ती चुकीची होती. आता दहा माहीत झाल्या होत्या आणि त्यातलं काय धरावं ते कळत नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, “घेऊ का मशीन?” आणि मी म्हणायचो, “पाहा, तुमच्या मनावर आहे.” ते बिचारं माझ्या तोंडाकडं पाहत उभं राहायचं.

शेवटी एका रविवारी गेलोच. बहीण ओसरीवर तूर पाखडत बसली होती. भाऊजी भिंतीला टेकून होते.

“ताई, मी तुले एक सांगाले आलो.”

“सांग ना.”

“त्या दिवशी ग्लासात गाळ दिसला ना, तो विहिरीचा नव्हता.”

तिचं सूप थांबलं. “मंग कुठचा होता?”

“सळईचा. करंट गेला का लोखंड झिजते अन् पाण्यात उतरते.”

“मशीनच्या पाण्यात काऊन नाई उतरलं मंग?”

“त्याच्यात क्षार नाई. क्षार असला तं करंट जाते.”

“म्हणजे माह्या पाण्यात क्षार आहे.”

“आहे.”

“मंग वाईटच झालं ना ते.”

“तसं नाई. क्षार आंगाले लागते. पेपरात आलं का मशीनच्या पाण्यात क्षार कमी राह्यते म्हून.”

“म्हणजे मशीन वाईट?”

“मशीन वाईट नाई...”

तिनं सूप खाली ठेवलं. “बाबू, तू तेव्हा खोटं बोलला का आता बोलून राह्यला?”

“तेव्हा मले माहीत नव्हतं.”

“अन् आता माहीत आहे?”

मी स्वयंपाकघरातून मीठ आणलं आणि मशीनच्या पाण्यात टाकून तिला सगळं करून दाखवलं. तिनं पाहिलं, पण पहिल्यांदा पाहिलं होतं तसं नाही. एखाद्या जादूगाराचा खेळ पाहावा तसं, हात कुठं लपवतो ते शोधत.

“पण माही जळजळ गेली ना मशीनच्या पाण्यानं,” ती म्हणाली.

“डॉक्टरच्या गोळ्यानं गेली असन.”

“गोळ्या पयलेही घेतच होती मी.”

एवढ्यात भाऊजी भिंतीजवळून म्हणाले, “मी तं विहिरीचंच पेतो.”

बहिणीनं वळून पाहिलं. “कवा?”

“रोज. बैलायले पाजतो तवा. पयलेपासून.”

“इतके दिवस? मले न सांगता?”

“तुले सांगतलं असतं तं तू पेऊ दिलं असतं का?”

ती माझ्यावर चिडली नव्हती तेवढी त्यांच्यावर चिडली. इतके महिने एका घरात राहून माणूस लपून पाणी पितो, हे तिला गंजापेक्षा, क्षारापेक्षा मोठं वाटलं. भाऊजी उठून गोठ्याकडं निघून गेले. मला वाटलं होतं, मी येईन, चूक कबूल करीन, ती रागावेल आणि मग विहीर पुन्हा सुरू होईल. तसं काहीच झालं नाही. जाताना मी शेजारच्या म्हातारीलाही सांगितलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, “हातपंपाची सवय झाली आता. येताजाता दोघी-तिघी भेटतात.”

त्या म्हातारीची सून गावातल्या पाणी समितीत होती. गावोगावच्या काही बायांना पाणी तपासायचं शिकवून त्यांच्याकडं एक पेटी दिली आहे, त्यातली ती एक. दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला, की म्हातारीची सून पेटी घेऊन येणार आहे, तूही ये. मी दुकान दुपारी बंद करून गेलो.

पेटीत छोट्या बाटल्या होत्या, थेंब टाकायची नळी होती आणि रंगांचा एक तक्ता. सुनेनं विहिरीचं पाणी खुणेपर्यंत भरलं, मोजून थेंब टाकले, हलवलं. पाण्याला रंग आला. तिनं बाटली तक्त्याशेजारी धरली. तक्त्यावर वर एक फिकट चौकोन होता, चांगल्या पाण्याचा, आणि खाली एक गडद, वाईट पाण्याचा. आमचा रंग दोन्हींच्या मधला होता.

आम्ही ती बाटली उन्हात नेऊन पाहिली. मग सावलीत. बहिणीला फिकट वाटला, मला गडद. समितीतली दुसरी एक बाई आली होती, तिनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, “ट्रेनिंगमध्ये सांगतलं होतं का मधातला रंग आला तं वरचा धरजा.”

“नाई, खालचा धरा म्हणत होते,” सून म्हणाली.

“तू चहा प्याले गेलती तवा. वरचा म्हणाले.”

शेवटी ठरलं, बाटली भरून वर्ध्याला प्रयोगशाळेत द्यायची. ते काम माझ्याकडं आलं. मी ती पिशवीत घालून, मांडीवर धरून बसमधून नेली. मोटरसायकलवर हिंदकळेल अशी भीती वाटली. हिंदकळून पाण्याचं काय होणार होतं, कोण जाणे. पण आता मला कशाचीच खात्री राहिली नव्हती.

काही दिवसांनी अहवाल आणायला गेलो. खिडकीशी एक वयस्कर गृहस्थ होते, बोलायला शांत. त्यांनी कागद दिला. जंतू नव्हते. लोखंड नव्हतं, हे वाचून मी मनात एजंटला शिवी दिली. पण पाण्याचा जडपणा आणि विरघळलेले क्षार यांच्यासमोर दोन मर्यादा छापल्या होत्या. एक साधी. दुसरीच्या वर लिहिलं होतं, ‘पर्यायी स्रोत नसल्यास अनुज्ञेय’. आमच्या विहिरीचे दोन्ही आकडे पहिलीच्या वर होते आणि दुसरीच्या खाली.

मी विचारलं, “साहेब, म्हणजे पाणी चांगलं का वाईट?”

त्यांनी चष्म्यातून पाहिलं. “घरी नळ आहे का?”

“आहे. सरकारी योजनेतून मागच्याच वर्षी आला.”

“मग हे पाणी पिण्यासाठी तितकं योग्य नाही.”

“पण नळाले चौथ्या दिवशी पाणी येते.”

“मग चालेल.”

“म्हणजे ज्या दिवशी नळ येते त्या दिवशी विहीर वाईट, अन् बाकी दिवस चांगली?”

त्यांनी कागद माझ्या हातून परत घेऊन पाहिला. “तुमचा प्रश्न बरोबर आहे,” म्हणाले. “पण आमच्याकडं पाणी येतं. घरी काय आहे ते आमच्याकडं येत नाही.”

मी बाहेर येऊन चहाच्या टपरीवर बसलो आणि तो कागद पुन्हा वाचला. पाणी तेच, विहीर तीच. नळ बसण्यापूर्वी कागदावर ते चालणारं होतं, नळ बसल्यावर न चालणारं झालं. माणसांनी तसं ठरवण्यामागं काहीतरी विचार असणारच. दुसरं काही नसेल तर माणूस तहानेनं मरण्यापेक्षा जड पाणी पिऊ दे, असा असेल. तो मला पटलाही. पण बहिणीला जाऊन काय सांगायचं ते सुचेना.

मी तिला शब्दशः सांगितलं. तिनं कागद हातात घेतला, दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं, आणि माझी अपेक्षा नव्हती असा प्रश्न विचारला. “आपल्याले नळ आहे का नाई, हे कोण ठरवते?”

ते ठरायची वेळ लवकरच आली. गावात ग्रामसभा होती. विषयांत एक होता, गावातल्या सगळ्या घरांना नळानं पाणी मिळतं असा ठराव. तो झाला की योजना पूर्ण झाली असं कागदावर लागतं. बहिणीनं मला बोलावलं, “तू बस माह्या बाजूले. मले बोलता आलं नाई तं तू सांगजो.” मी त्या गावचा नाही, मला बोलायचा हक्क नाही, हे मी सांगितलं. “मंग नुसता बस,” म्हणाली.

सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. ग्रामसेवकानं ठराव वाचला. बहीण उठली. तिच्या हातात तो कागद होता, घडी करून करून मऊ झालेला.

“साहेब, हा ठराव झाला का माह्या घरी पर्यायी स्रोत आहे असं होते का?”

ग्रामसेवकाला आधी प्रश्नच कळला नाही. तिनं कागद दाखवला. त्यानं वाचला, सरपंचबाईंना दाखवला. मागं बसलेले पुरुष कुजबुजायला लागले. भाऊजी खाली पाहत होते.

“ताई, याचा अन् त्याचा काही संबंध नाही,” ग्रामसेवक म्हणाला. “हा आरोग्याचा कागद आहे, तो योजनेचा.”

“पण पाणी तं एकच आहे.”

“ते बरोबर आहे.”

“मंग मी तीन दिवस कोणतं पेऊ?”

“जे पेता ते प्या,” मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले. सरपंचबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “नळ तं रोज आला पाह्यजे, हे मीही वर सांगतलं. पण ठराव नाई केला तं पुढचं काम अडकते. केला तं म्हणतीन का तुमचं झालं. मले सांगा, मी काय करू?”

खरंच विचारत होत्या त्या. मी बहिणीकडं पाहिलं. मला वाटलं आता ती म्हणेल, ठराव नको. नाहीतर म्हणेल, करा. ती कागदाकडं पाहत उभी राहिली आणि मग खाली बसली.

ग्रामसेवकानं हात वर करायला सांगितले. बरेच हात वर गेले. बहिणीचा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला, वर्गात उत्तर अर्धवट येणाऱ्या मुलीसारखा. त्यानं बोट फिरवत मोजलं, काहीतरी लिहिलं आणि पुढचा विषय घेतला.

परत येताना ती माझ्या बाजूनं चालत होती. भाऊजी चार पावलं पुढं. फाटकाशी आल्यावर म्हणाली, “त्यानं माहा हात मोजला का?”

“मोजला वाटते.”

“कोणत्या बाजूनं?”

मी ते पाहिलं नव्हतं. तसं तिला सांगितलं. ती मान हलवून आत गेली, आणि मी मोटरसायकल चालू करायच्या आत भाऊजींनी विचारलं, “येत्या रविवारी येता का? तुमच्या त्या मशीनची तोटी गळून राह्यली.”